झाडं काढा, माणसं नकोत : ताश्कंद ते बुखारा

सोमवार, ताश्कंद

दिल्लीहून विमानात बसलं की सुमारे तीन तासांत ताश्कंद. पुण्याहून दिल्ली गाठायला आणि तिथं ताटकळायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला. सोबत मावशी. तिनं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांकडून भूमिती आणि अक्षरलेखन घोटून घेतलं. उझबेकिस्तानला जायचं तिनंच ठरवलं होतं, आणि ठरवताना एक प्रश्नही काढून ठेवला होता. "हे लोक भिंतीवर माणूस का नाही गं काढत? येत नव्हता म्हणून, की नको होता म्हणून?"

मी तिला नेहमीचं उत्तर दिलं, "मनाई आहे म्हणून." त्यावर ती म्हणाली, "मनाई तर परीक्षेत कॉपीलाही असते."

सामान हॉटेलात टाकून हजरती इमाम परिसरात गेलो. इथं उस्मानचं कुराण म्हणून जपलेलं हस्तलिखित आहे. तिसरे खलिफा उस्मान मारले गेले तेव्हा हेच वाचत होते, अशी श्रद्धा. अभ्यासकांच्या मते ते आठव्या-नवव्या शतकातलं. तैमूरनं समरकंदला आणलं म्हणतात, १८६९ मध्ये रशियनांनी सेंट पीटर्सबर्गला नेलं आणि क्रांतीनंतर ते परत आलं. चर्मपत्राची भली मोठी पानं, त्यावर कूफी म्हणतात त्या जुन्या, कोनदार अरबी वळणाच्या जाड अक्षरांच्या मोजक्या ओळी. चित्र नाही, रंगीत चौकट नाही. मावशी काचेला नाक लावून उभी राहिली. एखादं अक्षर आडवं ताणत ताणत ओळ पुरी भरून काढली आहे, पुढच्या ओळीत तेच अक्षर आखडतं घेतलं आहे. "अंतर बघ दोन अक्षरांमधलं," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यानं आधी पान डोळ्यांनी मोजलंय."

इथून सुरुवात झाली हे बरंच झालं. इस्लाममध्ये देव दिसत नाही, त्याची प्रतिमा नाही, अवतार नाही. आहे तो शब्द. त्यामुळे मूर्तीकडे किंवा ख्रिस्ताच्या चित्राकडे दुसरीकडे जे लक्ष जातं, ते इथं अक्षराकडे वळलं. दमास्कसला बसून राज्य करणाऱ्या खलिफा अब्द अल-मलिकनं ६९६-९७ च्या सुमाराला नाणी बदलली. आधीच्या नाण्यांवर तो स्वतः तलवार घेऊन उभा होता. नव्या नाण्यांवरून माणूस गेला आणि दोन्ही बाजूंना फक्त मजकूर आला. शेजारच्या बायझंटाइन सम्राटानं नाण्यावर ख्रिस्ताचा चेहरा छापला होता. त्याच्यापेक्षा आपण वेगळे आहोत हे हातोहात फिरणाऱ्या वस्तूवरूनच सांगायचं होतं. धर्माइतकंच यात राजकारण आहे, असं मला वाटतं.

संध्याकाळी मेट्रोनं फिरलो. कॉस्मोनाव्हतलार स्टेशनच्या निळ्या भिंतींवर गोल चकत्यांमध्ये गागारिन, उलुगबेग वगैरे मंडळी तरंगताना दिसतात. सोव्हिएत काळानं या शहरात चेहरे भरभरून आणले. गर्दीतलं कुणीही त्यांच्याकडे मान वर करून पाहत नव्हतं. दादरला तरी कोण पाहतं म्हणा.

मंगळवार, समरकंद

अफ्रोसियोब नावाची जलद गाडी दोन तासांच्या थोड्या वर वेळात समरकंदला पोचवते. गाडीत चहा आणि कसलासा बनपाव मिळाला. मावशीनं थेपले काढले. समोरच्या बाईंनी एक मागून घेतला आणि तिखटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

रेगिस्तान चौकाचे फोटो इतके पाहिलेले असतात की प्रत्यक्षात काही वाटणार नाही अशी मला धाकधूक होती. पण उंची फोटोत येत नाही. तीन बाजूंना तीन मदरसे, तिघांचीही तोंडं चौकाकडे. पश्चिमेला उलुगबेगचा, १४१७ ते १४२० मधला. पूर्वेला शेरदोर, १६१९ ते १६३६. मधे तिल्याकोरी, १६४६ ते १६६०. दर्शनी भिंत म्हणजे एक प्रचंड कमान आणि तिच्याभोवती सपाट चौकट. याला पिश्ताक म्हणतात. आत मग साधा चौक आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या. (आज त्या खोल्यांत गालिचे आणि रेशमी रुमाल विकतात. भाव निम्म्यावरून सुरू करावा.)

उलुगबेग तैमूरचा नातू. राज्यकारभारात बेताचा, पण खगोलात पक्का. त्याच्या तारकासूचीत हजारावर तारे आहेत. त्याच्या मदरशाच्या पिश्ताकावर चांदण्याच चांदण्या आहेत, पाच टोकांच्या, दहा टोकांच्या, एकमेकींत गुंतलेल्या. मावशीनं समोरच्या पायऱ्यांवर बैठक मारली आणि कंपासपेटी उघडली.

तिनं आधी वर्तुळ काढलं. मग आडवा व्यास आणि त्याला उभा छेद. उजवीकडच्या त्रिज्येचा मध्य काढून त्यावर कंपासचं टोक रोवलं, वर्तुळाच्या माथ्यापर्यंत अंतर घेतलं आणि कंस डावीकडे उतरवून व्यासाला छेदला. माथ्यापासून त्या छेदापर्यंतचं अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. केंद्रापासून त्याच छेदापर्यंतचं अंतर म्हणजे दशकोनाची बाजू. तेवढं अंतर घेऊन कंपास वर्तुळावरून चालवला की दहा बिंदू मिळतात, कोनमापक लागत नाही. मग पहिला बिंदू चौथ्याला जोडायचा, दुसरा पाचव्याला. दहा रेघांत चांदणी उभी राहिली. तिच्या रेघा वर्तुळाबाहेर वाढवल्या तेव्हा शेजारच्या चांदणीची टोकं आपोआप सुटली. शेवटी तिनं खोडरबरनं वर्तुळ पुसलं.

"ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके शेवटी रेघेत गडप होतात ना, तसं. बघणाऱ्याला कळतच नाही हे बसलं कशावर."

मला जे वाचून कळलं नव्हतं ते इथं कळलं. भिंतीवर दिसते ती नक्षी म्हणजे पुसून टाकलेल्या बांधणीवर उरलेली रेघ आहे. आणि त्यामागची विद्या कारागिरांना कुणी आकाशातून दिलेली नव्हती. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बुझजानी या गणितीनं खास कारागिरांसाठी भूमितीचा ग्रंथ लिहिला. गणिती आणि कारागीर एकत्र बसून वाद घालत, याची नोंद त्यात आहे. गणिताला सिद्धता लागायची, कारागिराला डोळ्यांनी जुळलेलं पुरायचं. आणि याच समरकंदमध्ये, उलुगबेगच्या पदरी असलेल्या जमशीद अल-काशीनं १४२७ मध्ये पुऱ्या केलेल्या अंकगणिताच्या ग्रंथात मुकर्नस, म्हणजे कमानीखाली थरांवर थर रचून केलेले कोनाडे, त्यांचं क्षेत्रफळ काढायची रीत दिली आहे. गिलावा आणि मजुरी त्यावर ठरणार, म्हणून ती रीत. जिथं सर्वांत तल्लख डोकी भूमितीत रमली होती, तिथली भिंत भूमितीनं भरली यात फार गूढ नाही.

आता पाठ फिरवायची. समोर शेरदोर, आणि त्याच्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दोन वाघ! अंगावर नारिंगी पट्टे, मानेवर आयाळीसारखं काही, पुढे पांढरं हरिण पळतंय. वाघाच्या पाठीमागून सूर्य उगवतोय आणि सूर्याला चक्क माणसाचं तोंड आहे. गोल गाल, बारीक डोळे. मदरशावर! जुन्या २०० सोमच्या नोटेवर हेच चित्र आहे.

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "मनाई ना?"

आमच्या गाइडताईंकडे यावर चार स्पष्टीकरणं तयार होती. वाघ म्हणजे विद्यार्थी आणि हरिण म्हणजे ज्ञान, हे त्यातलं सर्वांत गोड आणि सर्वांत अशक्त. मला पटतं ते असं. सिंह आणि सूर्य ही जोडी तुर्क-इराणी मुलखात राजचिन्ह म्हणून जुनीच आहे. आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांच्या तेराव्या शतकातल्या नाण्यांवर ती आहे. स्पेनचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये तैमूरला भेटायला आला, तेव्हा त्यानं शहरिसब्झच्या राजवाड्याच्या दारावर सिंह आणि सूर्य पाहिल्याचं लिहून ठेवलं. शेरदोर बांधणारा यलंगतुश बहादुर हा समरकंदचा सुभेदार. राजवाड्याच्या दारावरचं चिन्ह त्यानं उचलून मदरशाच्या दारावर लावलं, मालकी सांगायला.

आणि गंमत पुढे आहे. तिल्याकोरीही याच यलंगतुशनं बांधायला घेतलेली. पण तिच्यात शहराची जुम्मा मशीद होती. आत घुमटाखाली सोन्याचा इतका मुलामा आहे की डोळे मिटावे लागतात. पानं, फुलं, वेली, कुराणातल्या आयती. एकही प्राणी नाही. एकच मालक, एकच चौक. शिकण्याच्या जागेच्या बाहेरच्या दारावर वाघ चालतो. नमाज पढायच्या भिंतीवर चालत नाही.

इथले रंग अगदी नवे दिसतात, कारण बरंचसं काम सोव्हिएत काळातल्या आणि नंतरच्या डागडुजीचं आहे. काहींना ते खटकतं. मला नाही खटकलं. पडक्या भिंतीवर वाघ कुणाला दिसला असता?

बुधवार, समरकंद

सकाळी अफ्रासियाब. जुनं समरकंद या टेकाडावर होतं, चंगीझखानानं १२२० मध्ये ते उद्ध्वस्त केलं आणि पुढे वस्ती खाली सरकली. १९६५ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना इथं एका वाड्याच्या दालनाच्या भिंती सापडल्या. त्या आता संग्रहालयात आहेत. सातव्या शतकाच्या मध्याचा सोग्दी (म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या इथल्या लोकांचा) राजा वर्खुमान, त्याच्या दरबारी आलेले वकील, रेशमाचे कोष आणि थान घेऊन आलेले चिनी, डोक्यात पिसं खोवलेले कोरियन. एका भिंतीवर मिरवणूक, त्यात पांढरा हत्ती. आणखी एका भिंतीवर नावेत बसलेल्या चिनी बायका. पूर्वेकडची भिंत फार झिजलेली, पण तिच्यावर भारत रंगवला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. झग्यांच्या कापडावर मोत्यांची वर्तुळं आणि त्यांत पक्षी-प्राणी. एकाच्या झग्यावरचा मजकूर तर वाचताही येतो.

मावशीच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथं निकालात निघाला. येत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. येत होतं, आणि झकास येत होतं. मग ७१२ मध्ये कुतैबा इब्न मुस्लिमची अरब फौज आली.

पण म्हणून एका रात्रीत सगळे ब्रश मोडले, असंही झालं नाही. याच संग्रहालयाच्या जवळ, पायी जाण्याइतक्या अंतरावर शाह-ए-झिंदा आहे. समाध्यांची एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना निळ्या भिंती. वर चढायच्या पायऱ्या जाता-येता मोजायच्या, आकडा जुळला तर पाप नाही. आमचा जुळला नाही. मावशीच्या मते मी मधे फोटो काढले म्हणून.

गल्लीच्या टोकाला कुसम इब्न अब्बासची समाधी आहे. पैगंबरांचा हा चुलतभाऊ इथं मारला गेला, पण मेला नाही, आत जिवंत आहे, अशी लोकांची श्रद्धा. तिथं बायका भिंतीला टेकून पुटपुटत बसल्या होत्या. मी त्या गारव्यात बसून मावशीला त्याच्या सख्ख्या भावाची गोष्ट सांगितली, कारण आमच्या प्रश्नाचं मूळच त्या गोष्टीत आहे.

भावाचं नाव अब्दुल्ला इब्न अब्बास. त्याच्याकडे एक माणूस आला आणि म्हणाला, मी हातानं चित्रं करून पोट भरतो. इब्न अब्बासनं त्याला पैगंबरांचं वचन ऐकवलं. जो चित्र घडवील त्याला कयामतीच्या दिवशी सांगितलं जाईल की आता यात प्राण घाल, आणि ते त्याला कधीच जमणार नाही. ऐकून त्या माणसाचा चेहरा उतरला. तेव्हा इब्न अब्बास म्हणाला, काढायचंच असेल तर झाडं काढ, ज्यात जीव नाही असं काहीही काढ. हा हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची परंपरेनं आलेली नोंद, ज्या संग्रहात आहे तो इमाम बुखारींचा. ते ८१० मध्ये बुखाऱ्यात जन्मले आणि समरकंदजवळच्या खर्तंग गावी त्यांची कबर आहे. म्हणजे प्रश्न, उत्तर आणि उत्तर देणाऱ्याचा भाऊ, सगळं या दोन गावांच्या परिघात.

कुराणात चित्रकलेवर थेट बंदी नाही. तिथला राग मूर्तिपूजेवर आहे. चित्रांबद्दलचे बोल येतात ते हदीसमधून, आणि त्यांचाही सूर सगळीकडे सारखा नाही. याच संग्रहात पैगंबरांची पत्नी आयेशा हिच्या पडद्याची हकिगत आहे. पडद्यावर चित्रं होती, पैगंबरांना ते रुचलं नाही. आयेशानं पडदा फाडून त्याच्या उश्या केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. टांगलेलं चालत नव्हतं, टेकायला घेतलेलं चाललं. पुढच्या शास्त्रींनी यावरून शेकडो वर्षं काथ्याकूट केला, कुणी सैल बोलले, कुणी कडक. पण चित्र कुठं आहे आणि माणूस त्याच्यासमोर काय करतोय, हा मुद्दा अगदी सुरुवातीपासून आहे.

गोष्ट संपवून आम्ही तुमान आका या तैमूरच्या बायकोच्या समाधीत गेलो. १४०४-०५ चं काम. आत भिंतीवर वर निसर्गचित्रं आहेत. झाडं, झुडपं, पाणी. माणूस नाही.

"ऐकलं म्हणायचं त्याचं," मावशी म्हणाली.

गल्लीतली सर्वांत देखणी समाधी मात्र शादी मुल्क आकाची, १३७२ ची. तैमूरच्या या भाचीसाठी तिच्या आईनं ती बांधली. मातीच्या फरशीवर आधी खोल नक्षी कोरलेली, मग झिलई चढवून भाजलेली. बोट लावलं तर गार लागतं आणि खाचेत अडकतं. मुलगी गेल्यावर आईनं तिचा चेहरा घडवून घेतला नाही, हे आपल्याला विचित्र वाटू शकतं. मला तिथं उभं राहून तसं वाटलं नाही. दाराभोवती तळहाताएवढीही जागा मोकळी सोडलेली नाही.

गुरुवार, समरकंद

आज पाय दुखत होते, म्हणून थोडंच. गूर-ए-अमीर म्हणजे तैमूरची कबर. घुमटाच्या खाली आणि भिंतींवर विटांची चौकोनी अक्षरं. साध्या विटांत निळ्या झिलईच्या विटा अशा बसवल्या आहेत की लांबून बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी दिसते आणि वाचता येणाऱ्याला त्यात अल्ला आणि मुहम्मद ही नावं दिसतात. नक्षी आणि मजकूर यांत फरकच ठेवलेला नाही. खाली काळपट हिरव्या जेडची शिळा. जून १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी ही कबर उघडली आणि मिखाईल गेरासिमोवनं कवटीवरून तैमूरचा चेहरा घडवला. तोवर तैमूरचा खात्रीचा म्हणावा असा चेहरा जगाकडे नव्हता. आता गावोगावच्या पुतळ्यांवर तोच रागीट चेहरा आहे. ज्यानं अर्धी दुनिया तुडवली त्याला घुमटाखाली फक्त नाव पुरलं होतं.

बिबी खानुमची मशीद बाहेरूनच पाहिली आणि शेजारच्या सियोब बाजारात घुसलो. समरकंदच्या नानच्या थप्प्या. जड, चकचकीत, मधे खोलगट. त्या खोलगटात टोचून काढलेली गोल नक्षी असते. चेकिच नावाचा लाकडी ठसा असतो, त्याला खालून तारा नाहीतर खिळे ठोकलेले. तो दाबला की मधला भाग फुगत नाही आणि नक्षीही उमटते. मावशीनं दोन ठसे घेतले. एक आठ पाकळ्यांचा, एक वर्तुळात वर्तुळांचा. विकणाऱ्या आजी तिला नक्षीचा अर्थ काही सांगेनात, भाकरी बिघडू नये म्हणून दाबायचा एवढंच हातवाऱ्यांनी दाखवत राहिल्या.

शुक्रवार, बुखारा

बुखारा समरकंदपेक्षा वेगळं. निळं कमी, मातकट जास्त. दुपारच्या उन्हात आम्ही सामानी घराण्याच्या समाधीकडे गेलो आणि तिथंच दिवस मावळला, इतकी ती मला आवडली.

बागेत एक घनाकृती इमारत, एक बाजू दहा-अकरा मीटर, वर अर्धगोल घुमट. नवव्या शतकाची अखेर किंवा दहाव्याची सुरुवात. इस्माईल सामानी ९०७ मध्ये वारला, त्याच्या घराण्याची ही समाधी. पुढे ती मातीखाली आणि कबरींखाली दडली, म्हणून मंगोलांच्या तडाख्यातून वाचली असं म्हणतात. विसाव्या शतकात माती उपसून मोकळी केली.

झिलई नाही, रंग नाही. फक्त भाजलेली वीट. दोन-तीन विटा आडव्या, मग तेवढ्याच उभ्या, काही आत ढकललेल्या, काही टोकावर तिरक्या उभ्या केलेल्या. दुपारी तीनला भिंत सपाट दिसत होती. पाचला ऊन कलल्यावर प्रत्येक विटेमागे सावली पडली आणि तीच भिंत खोल झाली. दाराच्या कमानीवर एकात एक चौकोन आणि आत वर्तुळ असं छोटं चिन्ह आहे. आपल्याला ते पाहून मंडल आठवतं, आणि ते सोग्दी काळापासून आलं असावं असा तर्क आहे.

मी मावशीला माझा सिद्धांत ऐकवला. वाळवंटाकाठच्या या गावाला दगड नाही, आहे ती चिकणमाती. वीट चौकोनी. ती फिरवता येते, मागे-पुढे करता येते, पण तिच्यातून माणसाचा गाल निघत नाही. भूमिती ही विटेचीच बोली.

"बॅबिलॉनला विटांचेच सिंह आहेत," ती शांतपणे म्हणाली. "सहावीच्या पुस्तकात होते."

खरं आहे. तिथं विटा आधी साच्यात घालून उठाव काढला आणि मग भिंतीत बसवल्या. म्हणजे निव्वळ माल पाहून उत्तर मिळत नाही. मी थोडी माघार घेतली. धर्मानं पवित्र जागेतून जिवंत आकार बाहेर काढला, एवढं त्याचं काम. पण रिकाम्या राहिलेल्या भिंतीवर पांढरा चुना फासूनही भागलं असतं. ती जागा इतक्या हौसेनं भरली गेली, त्यामागे वीट आहे, अबुल वफाची भूमिती आहे, आणि हात रिकामे ठेवायला तयार नसलेले गवंडी आहेत. धर्मशास्त्र वाचून भिंतीवर काय नाही ते कळतं. काय आहे ते कळायला गवंड्याजवळ उभं राहावं लागतं.

मावशीनं यावर "हं" केलं. शाळेत ती साठ टक्क्यांना असंच करायची.

शनिवार, बुखारा

सकाळी कलान मिनार, ११२७ चा, सेहेचाळीस मीटरच्या आसपास उंच. खालपासून वरपर्यंत विटांच्या नक्षीचे पट्टे, शेजारचे दोन एकसारखे नाहीत. वरच्या बाजूला निळ्या झिलईचा एक पट्टा आहे. समरकंदचा सगळा निळा सोहळा पुढे यायचा आहे, त्याची ही चाहूल.

मग मागोकी अत्तारी, बाजारातली खोलगट मशीद. तिच्याभोवतीची जमीन शतकानुशतकं चढत गेली, ती मात्र खालीच राहिली. दहाव्या शतकातला इथला इतिहासकार नरशाखी सांगतो की या जागी माख नावाचा बाजार भरत असे आणि तिथं मूर्ती विकल्या जात. अरब आल्यानंतरही बराच काळ. त्याच नरशाखीनं आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटते. गावाबाहेर श्रीमंतांच्या गढ्या होत्या, त्यांच्या दारांवर मूर्ती कोरलेल्या. पुढे मशीद वाढवताना ती दारं आणून मशिदीला बसवली. आकृतींचे चेहरे तेवढे खरवडले, बाकी अंग तसंच ठेवलं. नमाजाला जाणारे लोक बिनचेहऱ्याच्या त्या देवांमधून आत जात. उत्तम सुतारकाम टाकून द्यायला कुणाचं मन झालं नाही, आणि चेहरा ठेवणंही परवडणार नव्हतं.

नाण्यांचंही तसंच. बुखारखुदा म्हणतात ती इथली चांदीची नाणी. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला पारशांची अग्निवेदी, आणि त्या राजाच्या शेजारी अरबी लिपीत खलिफा अल-महदीचं नाव. म्हणजे अब्द अल-मलिकनं दमास्कसला माणूस काढून टाकल्यावरही ऐंशीएक वर्षांनी बुखाऱ्यात तो नाण्यावर ठाण मांडून होता. बाजार ओळखीच्या नाण्यावर चालतो, फतव्यावर नाही.

दुपारी ल्याबी हौजच्या काठी जेवलो. शाकाहारी म्हणून आमच्यासमोर वांगं, टोमॅटो आणि पुन्हा वांगं आलं. हौजाच्या पूर्वेला नादिर दिवानबेगी मदरसा, १६२२-२३ चा. त्याच्या दारावर दोन मोठे पक्षी झेपावतायत, पायांत पांढरी जनावरं आणि मधे पुन्हा चेहऱ्याचा सूर्य. गंमत अशी सांगतात की ही इमारत कारवान-सराई म्हणून बांधली होती. उद्घाटनाला आलेल्या इमाम कुली खानानं भरसभेत "छान मदरसा बांधलास" म्हटलं आणि खानाचा शब्द खाली कसा पाडायचा? मदरसा झाला. पक्षी दारावर राहिले ते राहिलेच.

जवळच एका लघुचित्रकाराची कार्यशाळा आहे. खारीच्या केसांचा ब्रश आणि तुतीच्या सालीचा, घोटून गुळगुळीत केलेला कागद. भिंतीवर माणसं नाहीत तर ती गेली कुठं, याचं उत्तर त्याच्या मेजावर पसरलेलं होतं. शिकारी, प्रेमिक, घोडे, पोलो. पंधराव्या शतकात हेरातला बेहजादनं आणि नंतर बुखाऱ्याच्या चित्रकारांनी माणसंच माणसं काढली, पण पुस्तकात. पुस्तक मिटता येतं, मांडीवर घेऊन एकट्यानं पाहता येतं, त्याच्यासमोर कुणी रांग लावून वाकत नाही. आणि तिथंही सावली नाही, खोली नाही, दूरचा माणूस जवळच्याएवढाच. प्राण घातल्याचा दावा कुठंच नाही.

ही चाल पुढे बाबराच्या वंशाबरोबर आपल्याकडे आली. अकबराचं एक मत अबुल फझलनं नोंदवलं आहे. सजीवाचं चित्र काढताना आपल्याला यात प्राण ओतता येत नाही हे चित्रकाराला पावलोपावली जाणवतं, म्हणून त्याची देवाशी जास्तच ओळख होते. इब्न अब्बासनं सांगितलेलं तेच वचन, पण उलटं करून चित्रकाराच्या बाजूनं उभं केलेलं. आणि मोगल दख्खनमध्ये पोचायच्या आधीही तिथं हे होतंच. अहमदनगरच्या हुसेन निजामशहावरचं सोळाव्या शतकातलं सचित्र हस्तलिखित पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजाशेजारी राणी बसलेली होती. बऱ्याच चित्रांतून तिची आकृती नंतर पुसून टाकली आहे. अभ्यासकांना वाटतं, ते तिच्यावर उलटलेल्या मुलाच्या राजकारणापायी. तिथं धर्माचा काही संबंध नसावा.

मावशीनं चित्रकाराशी डाळिंबाच्या झाडाचा भाव करायला घेतला, मग मधेच तो सोडून पोलो खेळणाऱ्यांवर आली.

रविवार, बुखारा

गाडी संध्याकाळची होती. सकाळी उलुगबेगच्या इथल्या मदरशासमोरचा अब्दुल अजीज खानाचा मदरसा पाहिला, सतराव्या शतकाच्या मध्याचा. समोरासमोर असल्यानं तुलना टळत नाही. १४१७ चा समोरचा काटकसरी, जिथल्या तिथं. हा मात्र रंगांनी ओसंडणारा, पिवळ्याचाही सढळ वापर, फुलदाण्या, ड्रॅगन, पक्षी. भारताकडून आणि चीनकडून आलेलं बरंच काही एका कमानीत कोंबलेलं. मला तो गिचमिड वाटला. मावशीला आवडला.

आत एका अंधाऱ्या कोनाड्यात गाइडताईंनी मोबाइलचा टॉर्च एका कडेनं धरला. नक्षीच्या सावल्यांतून अब्दुल अजीज खानाचा चेहरा दिसतो, चित्रकारानं तो लपवून काढलाय, असं इथं सगळेच सांगतात. मी डोकं तिरकं केलं, मागे सरले, पुढे आले. मला फुलदाणी दिसली. मावशीला मात्र दाढीसकट दिसला. पण दिसला तरी तो अब्दुल अजीजच कशावरून, कारागिरानं स्वतःचा काढला नसेल कशावरून, यावर स्टेशनला पोचेपर्यंत तिचं गाइडताईंशी चाललं होतं.